डाव्या अंगाला तिसरं चाक

कायद्याच्या लेखी साइडकार जोडलेली स्कूटर ही दुचाकीच. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात मोटरसायकलची जी व्याख्या आहे, तिच्यात काढता-घालता येणारी साइडकार आणि तिचं जादा चाक धरूनच गाडीला दोन चाकांची म्हटलं आहे. परवाना तोच चालतो, वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. कॉलेजात असल्यापासून स्कूटर चालवत आलेल्या बाईला हे वाचून हायसं वाटणारच, तसं मलाही वाटलं. हँडल हातात घेतल्यावर मात्र ती दुचाकी राहिलेली नसते. चारचाकी तर ती नव्हेच, आणि रिक्षासारखीही वागत नाही. ती नेमकी काय आहे हे अंगाला समजेपर्यंत माणूस पुरता गोंधळून जातो. मला त्या काळात मराठीत याबद्दल वाचायला काही मिळालं नाही, आणि समजावून सांगणारा माणूस एकच भेटला. म्हणून हे लिहिते आहे.

साइडकार घेण्याचं कारण आई. घरात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, सांधा बदलावा लागला. शस्त्रक्रिया चांगली झाली, वॉकर घेऊन ती चालायलाही लागली. पण डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या: गुडघ्यापेक्षा कमी उंचीच्या आसनावर बसायचं नाही, आणि पायावर पाय घ्यायचा नाही. स्कूटरवर माझ्या मागे बसण्याचा विषय तिथेच संपला. रिक्षात शिरायला कमरेत वाकावं लागतं, शिवाय एक पाय उंच उचलून अंग आत ओढून घ्यावं लागतं. तेही तिला जमेना. मोटार मला चालवता येत नाही, आणि कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत ती लावायला जागाही नाही. कपिलतीर्थ मंडईत स्वतःच्या हाताने वांगी निवडून आणणारी बाई कित्येक महिने खिडकीशी बसून होती. तिने तक्रार केली नाही. ती करत नाही, म्हणूनच मला ते बघवेना.

परसात ताडपत्रीखाली वडिलांची चेतक होती. अकुर्डीच्या कारखान्यातून ही स्कूटर १९७२ साली बाहेर पडू लागली आणि पुढची कित्येक वर्षं लोकांनी नंबर लावून तिची वाट पाहिली, हे आमच्या पिढीला सांगायला नको. आमची नव्वदच्या दशकातली. साइडकार मिळाली इचलकरंजीत, एका यंत्रमागवाल्यांच्या शेडमध्ये, सुताच्या पोत्यांमागे. त्यांच्या वडिलांनी कधीतरी जोडून घेतलेली, मग मोटार आली आणि ती काढून ठेवलेली. पत्रा शाबूत होता, हुड फाटलेला, चाकाचं बेअरिंग गंजलेलं. त्यांनी भंगाराच्या भावाने दिली आणि वर चहा पाजला.

आरटीओचं काम आधी केलं. नोंदणी प्रमाणपत्रात गाडीचा जो तपशील लिहिलेला असतो, त्याच्याशी न जुळणारा बदल कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय करता येत नाही. जोडून घ्यायची आणि मग बघू, असं यात चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. कागदांच्या या भागाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं आहे ते उद्यमनगरातलं. शिवाजी उद्यमनगरात लेथ, फाउंड्री, फॅब्रिकेशन यांची दुकानं एकमेकांना खेटून आहेत, आणि कुठलाही सुटा भाग घेऊन गेलं तर तसाच दुसरा करून देणारा माणूस तिथे सापडतो. साइडकार म्हटल्यावर मात्र तीन-चार ठिकाणी नुसत्या माना हलल्या. शेवटी एका लेथवाल्याने आतल्या बोळातल्या मिस्त्रीमामांकडे बोट दाखवलं. सत्तरीचे गृहस्थ. गाडीकडे न बघता त्यांनी आधी विचारलं, "बसणार कोण?"

मी सांगितलं. वय, वजन, खुबा, सगळं.

"मग ताई, आधी आईस्नी आणा. माप गाडीचं न्हाई, त्यांचं घ्यायचं हाय."

शेजाऱ्यांच्या मोटारीची पुढची सीट मागे सरकवून, कशीबशी आईला तिथे नेली. मामांनी तिला लाकडी खुर्चीवर बसवलं, खाली विटा ठेवून खुर्ची वर-खाली केली, आणि ज्या उंचीवरून ती कुणाचा हात न धरता उठली ती उंची तिच्याच काठीवर खडूने मारून घेतली. साइडकारचं मूळ आसन त्या खुणेपेक्षा खूपच खाली होतं. कारखान्यातून आलेली साइडकार धडधाकट माणसासाठी असते. पाय लांब करून, जवळजवळ जमिनीलगत बसायचं. आसन उचलायचं तर उचलता येतं, पण माणूस वर गेला की वजन वर जातं, आणि वजन वर गेलं की वळणावर गाडी उलटायला बघते. मामांनी यावर तोड काढली. आसन खुणेइतकं उचललं, आणि साइडकारच्या तळाखाली, बाहेरच्या अंगाला, चाकाच्या जवळ, लोखंडाची एक जाड पट्टी बोल्टने बसवली. जेवढं वर नेलं तेवढं खाली आणि बाहेर भरून काढायचं. डाव्या बाजूचा पत्रा कापून बिजागरीचं दार केलं, दाराच्या वरच्या कडेला हाताला धरायला पाइप दिला. साइडकार आपल्याकडे डावीकडे असते, त्यामुळे दार फुटपाथच्या बाजूला उघडतं. जिथे वाहनं उजवीकडून चालतात त्या देशांत ती उजवीकडे लावतात. तत्त्व एकच, बसणाऱ्याने रहदारीत पाय ठेवायचा नाही.

जोडणीत अडचण चेतकच्या घडणीची होती. "बुलेटला पाइपची चेसी असत्या," मामा म्हणाले, "तितं क्लॅम्प आवळला की झालं. हितं चेसीच न्हाई. पत्र्याची बॉडी हीच चेसी." त्यात या स्कूटरचं इंजिन आणि मागचं चाक मिळून एकच तुकडा असतो, तो एका आडव्या बोल्टवर हलतो आणि मागे शॉकॲबवर टेकतो. म्हणजे साइडकार इंजिनाला बांधून चालत नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात इंजिन वर-खाली होणार आणि जोड तुटणार. बांधायची ती बॉडीलाच, आणि बॉडी तर पत्र्याची. मामांनी पायदानाखाली आडव्या जाड पट्ट्या टाकल्या, म्हणजे ओढ एका भोकावर न येता सगळ्या तळावर पसरते. एक जोड पुढे, एक मागे, आणि तिसरा तिरका दांडा वरून. कुठेही वेल्डिंग नाही. बोल्ट सोडले की चेतक पुन्हा पहिल्यासारखी. त्यांचा हा हट्ट मला आवडला; गाडी वडिलांची होती हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं.

मग त्यांनी काढला ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का हे बघायला वापरतो तोच, दोरीला लटकणारा. जोडीला पाणसळ आणि दोन लांब सरळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. एक पट्टी स्कूटरच्या पुढच्या-मागच्या चाकाला लावून जमिनीवर ठेवली, दुसरी साइडकारच्या चाकाला लावून. दोन पट्ट्यांमधलं अंतर मागे मोजलं, पुढे मोजलं. मला वाटलं होतं दोन्हीकडे सारखं यायला हवं. मामांनी पुढचं अंतर मुद्दाम बारा-पंधरा मिलिमीटरनी कमी ठेवलं. साइडकारचं चाक अगदी किंचित स्कूटरकडे बघत राहतं. मग ओळंबा स्कूटरच्या मध्यावर धरला, तर स्कूटर सरळ उभी नव्हती. साइडकारपासून लांब, उजवीकडे, एखाद्या अंशाने कललेली. हेही मुद्दाम.

मी विचारलं, वाकडी का ठेवताय? त्यांनी दोन्हींची कारणं दिली आणि ती मी जशीच्या तशी देते. तिसऱ्या चाकाला स्वतःचं इंजिन नाही. ते नुसतं ओढलं जातं, म्हणून ते सतत मागे राहायला बघतं आणि गाडीचं तोंड डावीकडे वळवतं. चाकाला थोडं आत वळवून ठेवलं की ते स्वतःच गाडीला उजवीकडे रेटतं आणि ती ओढ फिटते. दुसरं, आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात. डाव्या बाजूने चालणारी गाडी त्या उतारावर कायम डावीकडे झुकलेली असते, शिवाय साइडकारमध्ये माणूस बसला की त्या बाजूची स्प्रिंग दबते. रिकामी असताना उजवीकडे कललेली स्कूटर माणूस बसून रस्त्यावर आली की सरळ होते. दुकानाच्या फरशीवर सरळ दिसणारी जोडणी रस्त्यावर वाकडी पडते. साइडकारचं चाक स्कूटरच्या मागच्या चाकाच्या रेषेत नसून वितीपेक्षा थोडं कमी पुढे असतं, हेही तेव्हाच लक्षात आलं. वळताना गाडी त्या कोपऱ्यावर कोसळू नये म्हणून. चाक मात्र तेच, साडेतीन बाय दहाचं. चेतकचं पुढचं चाक मागे आणि मागचं पुढे बसतं, आता तिसरंही त्याच मापाचं. एका स्टेपनीवर तिन्ही चाकांचं काम भागतं.

आणखी एक प्रश्न मला छळत होता. चेतक सकाळी चालू करायची तर आधी तिला एका बाजूला आडवी करायची, मग किक मारायची, हे महाराष्ट्रात घरोघरी झालेलं आहे. साइडकार लावल्यावर ती आडवी होणार कशी? मामा म्हणाले, "कार्बोरेटर साफ ठिवा, प्लग साफ ठिवा, चोक वडा. आडवी करायची पाळी येत न्हाई." तसंच झालं आहे. किक उजवीकडे असल्याने साइडकारची अडचण होत नाही, आणि गाडी तीन चाकांवर घट्ट उभी असल्याने किक मारताना तोल सांभाळावा लागत नाही.

शिकवणी तपोवन मैदानावर झाली. मामा स्वतः आले. साइडकारमध्ये त्यांनी वाळूची पोती ठेवली, साधारण आईच्या वजनाची. "माणूस बसवायचा न्हाई, मी सांगस्तवर," असं बजावून त्यांनी मला गाडीवर बसवलं.

पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडीने डावीकडे मुसंडी मारली. जत्रेत बोट धरलेलं मूल खेळण्याच्या दुकानाकडे ओढतं तशी ती ओढ होती. जोर फार नाही, पण सुटत नाही. कारण मामांनी आधी सांगितलेलंच: इंजिन उजव्या अंगाला ढकलतंय, डाव्या अंगाचं वजन मागे राहतंय. मी घाबरून ब्रेक दाबला, तर तोंड उजवीकडे फिरलं. आता उलटं झालं होतं; स्कूटर थांबत होती आणि ब्रेक नसलेली साइडकार पुढे धावत होती. पिळलं की डावीकडे, दाबलं की उजवीकडे. सरळ रेषेत जायला हँडलवर दोन्ही हात सतत कामाला लागतात. स्कूटर चालवताना खांदे दुखतात हे मला आयुष्यात पहिल्यांदा समजलं.

पण खरा गोंधळ वळणावर उडाला. मैदानाच्या कडेला कुंपण येत होतं, मला उजवीकडे वळायचं होतं, म्हणून मी वर्षानुवर्षं वळते तशी वळले. अंग उजवीकडे झुकवलं. गाडी सरळच चालली. आणखी झुकले, काही नाही. उलट तोंड डावीकडे जायला लागलं. थांबले तेव्हा छाती धडधडत होती, आणि काय झालं ते मला अजिबात उमगलं नव्हतं.

ते मामांनी जमिनीवर बसून समजावलं. दोन चाकांवर आपण हँडल फिरवून वळतच नाही. उजवीकडे जायचं असलं की आपला उजवा हात नकळत मूठ थोडी पुढे ढकलतो, म्हणजे चाक क्षणभर डावीकडे वळतं, त्यामुळे गाडी उजवीकडे कलते, आणि कलली की वळते. आपण हे कुणाकडून शिकत नाही. सायकल शिकताना गुडघे फुटतात तेव्हा अंग ते उचलतं आणि मनाला सांगतही नाही. साइडकारची गाडी कलूच शकत नाही. तिथे मूठ पुढे ढकलली की चाक डावीकडे वळतं आणि गाडीही मुकाट डावीकडे जाते. म्हणजे मी उजवीकडे जायचा जितका प्रयत्न करत होते, तितके माझेच हात गाडीला डावीकडे नेत होते.

"हितं जिकडं जायचं तिकडं हँडल वडायचं," मामा म्हणाले. "अंग इसरा आता."

अंग विसरणं हे मला आजवर कुणी शिकवलेलं सगळ्यात अवघड काम. मामांनी फक्कीने जमिनीवर मोठा इंग्रजी आठ काढला आणि त्यावरून मला फिरवत ठेवलं, दुसऱ्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने. डोकं सांगायचं ओढ, हात ढकलायचे. मग कधीतरी, बऱ्याच फेऱ्यांनंतर, मी दुसऱ्याच कशाचा तरी विचार करत होते आणि गाडी फक्कीवरून बरोबर वळली. त्या वेळी कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगायला फक्त मैदानावर क्रिकेट खेळणारी पोरं होती. मी त्यांना सांगितलं.

हात वळणाला लागले तेव्हा मामांनी वाळूची पोती उतरवली आणि म्हणाले, आता रिकामी घेऊन डावीकडे वळा, मगासच्यापेक्षा जरा जोरात. मी वळले. साइडकारचं चाक जमिनीवरून उठलं.

हा क्षण मला जसाच्या तसा आठवतो. डाव्या वळणात वजन उजवीकडे फेकलं जातं, रिकाम्या साइडकारला खाली धरून ठेवायला काही नसतं, ती उचलली जाते. चाक टीचभर वर होतं, हवेत तसंच फिरत होतं. आणि त्या दोन-तीन सेकंदांत गाडी एकदम ओळखीची झाली. गाडी दोनच चाकांवर होती, म्हणून जुने सगळे नियम परत आले होते. अंग झुकवलं की ती ऐकत होती. मग चाक खाली टेकलं आणि ते नियम पुन्हा गेले. एकाच वळणात गाडी एका जातीची दुसऱ्या जातीची होते आणि परत पहिल्या जातीची. चालवणाऱ्याला हे पुस्तकात वाचून समजणार नाही, आणि भर रस्त्यात पहिल्यांदा समजलं तर ते फार धोक्याचं. मामांनी म्हणूनच ते मैदानावर करून घेतलं. चाक उठलं की काय करायचं तेही तिथेच घोटवलं: थ्रॉटल हळू सोडायचा, हँडल उजवीकडे सैल करायचं, ते आपोआप टेकतं. मग सांगितलं की आता अंग परत वापरायला लागा. डावं वळण आलं की बूड सीटच्या डाव्या कडेला सरकवायचं, खांदा साइडकारकडे न्यायचा, आपलं वजन तिसऱ्या चाकाला द्यायचं. एकटीने रिकामी गाडी न्यायची वेळ आली तर साइडकारमध्ये निदान एक वाळूचं पोतं असलंच पाहिजे, हा त्यांचा नियम मी अजून पाळते.

रस्त्यावर आल्यावर कळलं की आपल्या देशात ब्रेकचा तो उजवीकडचा ओढा किती महत्त्वाचा आहे. डावीकडे ओढलं तर कडेचा मुरूम किंवा गटार. उजवीकडे ओढलं तर समोरून येणारी बस. म्हणून ब्रेक उशिरा आणि जोरात दाबायचाच नाही. लांबून वेग सोडायचा, गिअर उतरवायचा, मग पाय ठेवायचा, आणि ठेवताना हँडल डावीकडे थोडं धरून ठेवायचं. टू-स्ट्रोक इंजिन गिअर उतरवल्यावर गाडीला फारसं आवरत नाही, तेव्हा सगळी भिस्त ब्रेकच्या ड्रमांवर असते. लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवून गाडी सोडणंही बरं नाही, कारण तेल पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोल थांबलं की इंजिनाला तेलही कमी पडतं. या दोन कारणांनी पन्हाळ्याला या गाडीने जायचं नाही असं मी ठरवलं आहे. आईला तिथे जायचं असतं. मी नाही म्हणते.

चेतकचं इंजिन १४५ सीसीचं. त्यावर साइडकार, आई, मी, आणि मंडईची पिशवी. चौथा गिअर गावात क्वचित लागतो, तिसऱ्यात तीस-पस्तिसाच्या वेगाने गाडी खूश असते. विद्यापीठाकडच्या चढावर दुसरा. पेट्रोल जास्त जातं, क्लच केबल आणि प्लेटांवर ताण येतो. हे सगळं धरूनच चालायचं.

खड्ड्यांबद्दल मात्र बोललं पाहिजे, कारण इथे दुचाकीस्वाराची जन्माची सवय मोडावी लागते. दोन चाकं एका रेषेत असतात, म्हणून आपण खड्ड्याला वळसा घालून वाट काढतो. इथे दोन रेषा आहेत. स्कूटरचं चाक वाचवलं तर साइडकारचं जातं, आणि ते ज्या माणसाखाली आहे त्याच्या खुब्यात नवा सांधा आहे. मी आता खड्डा माझ्याकडे घेते. स्पीडब्रेकरच्या कडेला जी फट असते, जिथून सगळे स्कूटरवाले निसटतात, तिथून आम्हाला जाता येत नाही. आणि स्पीडब्रेकरवर धक्के तीन बसतात, आधी पुढचं चाक, मग साइडकारचं, लगेच मागचं, कारण तिन्ही वेगवेगळ्या जागी आहेत. अगदी कमी वेगात, सरळ तोंडाने चढवलं तर मधला धक्का आईपर्यंत फारसा पोचत नाही. तिरकं चढवलं तर गाडी पिळवटते आणि जोडाचे बोल्ट कुरकुरतात. दर आठवड्याला पाना घेऊन ते बोल्ट बघायचे, ही मामांची ताकीद.

पहिल्यांदा आईला बसवलं ती सकाळ. मामांनी मारलेल्या खुणेच्या उंचीवर आसन, दार उघडं, पाइपला हात. तिने पाठ वळवून आधी बूड टेकवलं, मग एक-एक पाय आत घेतला, फिजिओथेरपिस्टने पलंगासाठी शिकवलं होतं अगदी तसं. मी हात पुढे केला होता, तिने धरला नाही. हेल्मेट तिला नको होतं. पूर्वी कायद्यात साइडकारमध्ये बसणाऱ्याला हेल्मेटची सूट होती, ती २०१९च्या दुरुस्तीत गेली. पण कायदा काही म्हणो, मी घातल्याशिवाय किक मारणार नव्हते. रंकाळ्याच्या कडेने आम्ही गेलो. इतकी वर्षं ती माझ्या पाठीमागे बसली, तिचं बोलणं वाऱ्यात विरायचं, मी नुसती हं-हं करायचे. आता ती माझ्या गुडघ्याशेजारी होती. तिला बघायला मान थोडी डावीकडे केली की पुरे.

"अगं, सगळं मोठं दिसतंय," ती म्हणाली.

ते खरंच तसं आहे. साइडकारमधल्या माणसाचे डोळे मोटारीच्या बॉनेटच्या उंचीवर असतात, शेजारून केएमटीची बस गेली की तिला नुसती चाकं दिसतात. तिने दाराचा पाइप घट्ट धरला. मला तेव्हा वाटलं की आपण तिला सुखासाठी आणलं आणि भीतीच्या तोंडी बसवलं. त्यावर उपाय मामांनीच सुचवला. साइडकारच्या मागच्या कोपऱ्यावर वेताची काठी आणि तिला केशरी पताका, बसवाल्याच्या नजरेच्या उंचीपर्यंत. बस खरोखर अंतर ठेवून जायला लागल्या. भीती पताकेने गेली की सवयीने, सांगता येणार नाही. पण पुढच्या वेळी ती वाटेतल्या दुकानांच्या पाट्या वाचत होती, आणि कोणतं दुकान पूर्वी कुणाचं होतं हे सांगत होती.

आता ती फिजिओथेरपीला जाते, फुलेवाडीला मावशीकडे जाते, आणि मंडईच्या तोंडाशी गाडी लावली की भाजीवाली तिच्यापर्यंत येते. लावताना स्टँड लागत नाही. पण हँडब्रेक नाही, म्हणून उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड ठेवावा लागतो. तो दगड आम्ही साइडकारमध्येच बाळगतो.

अपंग व्यक्तींच्या स्कूटरला दोन्ही बाजूंनी जादा चाकं बसवून देणारे लोक गावोगाव आहेत, आणि त्यांचं काम मोलाचं आहे. पण ती सोय चालवणाऱ्याची. ज्याला चालवता येत नाही, मागे चढता येत नाही, आणि मोटारही परवडत नाही, अशा म्हाताऱ्या माणसाला गल्लीबोळातून नेणारं साधन आपण हातचं घालवलं. हप्त्यावर मोटारी मिळायला लागल्या, गिअरच्या स्कूटर बंद झाल्या, आणि ओळंबा लावून तिसरं चाक बसवणारे हात म्हातारे झाले. माझ्या मते हे नुकसान आहे, आणि ते भरून निघण्यासारखं आहे.

म्हणून एक विनंती. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, निपाणी, बेळगाव या भागात कुणाच्या परसात, शेडमध्ये, माळ्यावर जुनी साइडकार पडून असेल तर ती भंगारात घालू नका. हुड फाटला असेल, बेअरिंग गेलं असेल, तरी चालतं. सांगाडा आणि चाकाची दांडी शाबूत असली की बाकी सगळं उद्यमनगरात होतं. आधी आरटीओत विचारा, मग ज्याला बसायचं आहे त्याला घेऊन मिस्त्रीकडे जा. मामांच्या हाताखाली सध्या दोन पोरं आहेत. पट्ट्या लावून चाकाचं माप घ्यायला ती शिकली आहेत, आणि जोडायला साइडकार मिळत नाहीत.